क्लासवाला कुलूप लावून गेला तर फीचे पैसे परत कसे मागायचे, पहिल्या दिवसापासून सगळं सांगतो

पोळ्याच्या करीला दुपारी बहिणीचा फोन आला, "दादा, क्लासले कुलूप हाय, पाटीपण काढून नेली, सर फोन नाही उचलून राहिले." दहा महिन्यांचा पोलीस भरतीचा कोर्स, लेखी अन् ग्राउंड दोन्ही, जूनमध्ये ३८ हजार भरले होते. अर्धे बाबांनी तूर विकून दिले, अर्धे आईने बचत गटातून उचलले. तालुक्याच्या गावातला क्लास, साठ-सत्तर पोरं-पोरी, बहुतेक खेड्यावरची, एसटीच्या पासवर येणारी.

मी यवतमाळ जिल्ह्यात गावात सेतू केंद्र चालवतो, अर्ज, पोर्टल, ओटीपी हे माझं रोजचं काम. तरी पहिले आठ दिवस आम्ही फुकट घालवले, सर आज येतील, उद्या येतील, मीटिंग घेतील म्हणत बसलो, अन् तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून सगळ्यांना काढून टाकलं. त्यानंतर टॅलीचा क्लास, नीटचा क्लास, स्पोकन इंग्लिश, असे बरेच जण हीच रड घेऊन माझ्याकडे आले, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. दारावरची पाटी कोणाचीही असू शकते, तुमचे पैसे कोणाच्या नावावर गेले ते नाव शोधा. पुढची नोटीस, पोलीस, ग्राहक आयोग सगळं त्या नावावर चालतं, नाव नसेल तर कागद कुठेच पोचत नाही.

कुलूप दिसलं त्याच दिवशी

आधी फोटो. कुलूप, पाटी किंवा पाटी काढल्याची जागा, दाराला चिकटवलेली चिठ्ठी, सगळ्याचे फोटो काढा, एक व्हिडिओ काढा अन् त्यात तारीख तोंडाने बोला. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा अन् चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्याच मेलवर पाठवा, कारण अ‍ॅडमिनच्या हातात असेल तोवरच ते मेसेज आहेत. "उद्यापर्यंत दुसरा हप्ता भरा" असा एक मेसेज पावतीच्या तोडीचा पुरावा होऊ शकतो. स्क्रीनशॉट घेताना समोरच्याचा नंबर अन् तारीख दिसली पाहिजे, नुसतं नाव सेव्ह असलेलं दिसून उपयोग नाही. अन् ज्या मोबाईलवर हे सगळं आहे तो विकू नका, रिसेट मारू नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं अन् मूळ मोबाईल जवळ असला की ते सोपं जातं.

पॅम्प्लेट, आयकार्ड, पुस्तकांचा संच, इन्स्टाग्रामवरची जाहिरात, "सिलेक्शन होईपर्यंत मार्गदर्शन" वगैरे जे काही लिहून दिलं असेल ते गोळा करा. पक्की पावती नसेल तर घाबरू नका. आमच्याकडे अर्ध्या पैशाची पावती नव्हती, साध्या वहीच्या पानावर सही होती. पण त्याच दिवशी बँकेतून रक्कम काढल्याची पासबुकातली एंट्री होती, अन् सोबत फी भरायला गेलेल्या मैत्रिणीने तसं लिहून दिलं. अशा चार तुकड्यांतून पुरावा उभा राहतो.

एक काम लोक करत नाहीत ते नक्की करा. आजूबाजूच्या झेरॉक्सवाल्याला, चहावाल्याला, गाळ्याच्या मालकाला भेटा अन् विचारा की भाडं कधीपासून थकलं होतं, सामान कधी नेलं, मास्तरांचे पगार झाले होते का. हे पुढे पोलिसांकडे लय कामी येतं, काऊन ते खाली सांगतो.

अन् कृपा करून आतल्या खुर्च्या, कॉम्प्युटर, पंखे उचलून आणू नका. राग समजतो, आमच्या इथंही दोन पोरं निघाली होती. पण वस्तू उचलली की चोरीची तक्रार तुमच्यावर होईल, अन् ज्यांना भरतीत चारित्र्य पडताळणी द्यायची आहे त्यांच्यासाठी तर हा विषय आयुष्यभराचा.

पैसे कोणाच्या नावावर गेले

पावतीवर जीएसटी नंबर असेल तर काम सोपं. १५ अक्षरांचा तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की मालकाचं कायदेशीर नाव, धंद्याचं नाव, पत्ता अन् नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते दिसतं. जीएसटी नसेल तर यूपीआयचा व्यवहार उघडा, पैसे गेले त्या खात्याचं नाव तिथे येतं, आमच्या बाबतीत ते सरांच्या बायकोचं निघालं, मग तिलाही पार्टी, म्हणजे विरुद्ध पक्ष, केलं. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर लिहून ठेवा. रोख दिले असतील तर गाळ्याच्या मालकाकडे भाडेकरार मागा, त्यावर नाव, आधारवरचा पत्ता अन् बहुतेकदा मूळ गाव असतं.

आता तो क्लास आहे कोण. एकट्याचा धंदा असेल तर मालक स्वतः देणं लागतो, क्लास बंद झाला म्हणून देणं बंद होत नाही. भागीदारी असेल तर सगळे भागीदार मिळून आणि एकेकटेही जबाबदार. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव टाका, रजिस्टर्ड पत्ता, संचालकांची नावं अन् कंपनी जिवंत आहे की नाव काढून टाकलंय ते कळतं. संस्था किंवा ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात विश्वस्तांची नावं मिळतात. अन् फ्रँचायझी असेल, म्हणजे नाव पुण्या-नागपूरच्या मोठ्या ब्रँडचं अन् चालवणारा इथला, तर दोघांनाही धरा. ब्रँडवाले म्हणतील तो आमचा माणूस नाही, पण पाटी, पुस्तकं, सर्टिफिकेट त्यांच्या नावाचं असेल तर ते इतक्या सहज सुटत नाहीत, अन् कधी कधी हेच पोरांना जवळच्या दुसऱ्या सेंटरवर बसवून देतात.

फी कार्डाने किंवा ईएमआयवर भरली असेल

इथे वेळ फार महत्त्वाचा, म्हणून नोटिशीच्याही आधी हे करा.

क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने भरले असतील तर बँकेला लेखी कळवा की सेवा मिळालीच नाही, चार्जबॅक पाहिजे, म्हणजे कार्डाने गेलेले पैसे परत फिरवा. कार्ड कंपन्यांच्या नियमात साधारण १२० दिवसांची मुदत असते, बंद झाल्याचे फोटो अन् पावती जोडा. यूपीआयने स्वतःहून पाठवलेले पैसे असे बँकेकडून परत येत नाहीत, तिथे तो व्यवहार फक्त पुरावा म्हणून कामाचा. क्लासवाल्याने पुढच्या तारखांचे चेक घेऊन ठेवले असतील तर आजच बँकेत स्टॉप पेमेंट द्या.

ईएमआयचं प्रकरण सगळ्यात वाईट. बरेच क्लासवाले ॲडमिशनच्या वेळी आधार अन् पॅन घेतात, दोन ओटीपी विचारतात अन् म्हणतात "हप्त्याने भरा, व्याज नाही." ते हप्ते नसतात, ते एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, कंपनीने सगळी रक्कम क्लासला आधीच देऊन टाकलेली असते अन् कर्जदार तुम्ही, नाहीतर तुमचे वडील. क्लास बंद झाला म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही. अन् रागाने हप्ता बंद केला की सिबिल खराब होतं, मग मे-जूनमध्ये बँकेत पीककर्जाला गेलं की साहेब म्हणतात काकाजी तुमच्या नावावर थकबाकी दिसते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पोराच्या २५ हजारांच्या कोडिंग कोर्सपायी बापाचं सोयाबीनचं कर्ज अडकलं.

तर असं करा. फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल टाका, त्यात क्लास बंद झाल्याची तारीख, फोटो, किती महिने शिकवलं ते लिहा, अन् मागणी करा की पुढचे हप्ते थांबवा, न मिळालेल्या सेवेचं कर्ज रद्द करा, सिबिलला थकबाकी कळवू नका. सोबत कर्जाचा करार अन् "की फॅक्ट स्टेटमेंट" (कर्जाच्या मुख्य अटी अन् खर्च सांगणारा कागद) मागा, ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. तोवर झेपत असेल तर हप्ता भरत राहा अन् प्रत्येक वेळी "हरकत राखून भरतोय" असा मेल टाका. ऐकायला विचित्र वाटतं पण ज्या घराला पीककर्ज लागतं त्या घरासाठी मी हेच सांगतो. खरंच झेपत नसेल तर ग्राहक आयोगात फायनान्स कंपनीलाही पार्टी करून हप्त्यांना अंतरिम स्थगिती मागता येते.

हिशोब अन् नोटीस

मागायचं किती? साधा हिशोब करा. ३८,००० भागिले १० महिने म्हणजे महिन्याला ३,८००. तीन महिने शिकवलं, ११,४०० गेले. उरले २६,६००. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पोरगं मधूनच क्लास सोडत असेल तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यायची असं म्हटलंय. त्या राज्यांसाठीच्या सूचना आहेत हे खरं, पण स्वतः सोडणाऱ्यालाही परत द्या म्हणतात तर क्लासच बंद करणाऱ्याने द्यायलाच पाहिजे, हा मुद्दा नोटिशीत टाका.

नोटीस वकिलाकडूनच पाहिजे असं काही नाही. साध्या कागदावर हे लिहा:

"मी अमुक तारखेला तुमच्या क्लासमध्ये दहा महिन्यांच्या कोर्ससाठी ३८,००० रुपये भरले. अमुक तारखेपासून तुम्ही कोणतीही सूचना न देता क्लास बंद केला. सात महिन्यांची सेवा मिळाली नाही. त्या सेवेचे २६,६०० रुपये ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करा. न केल्यास जिल्हा ग्राहक आयोगात व्याज, नुकसानभरपाई आणि खर्चासह दावा करीन आणि पोलीस तक्रारीचा हक्कही राखून ठेवतो."

एवढंच. शिव्या नको, धमकी नको. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तर काउंटरवर स्पीड पोस्ट करून पोचपावती मागा. मिळतील तेवढ्या सगळ्या पत्त्यांवर पाठवा: क्लासचा पत्ता, घरचा पत्ता, मूळ गाव, अन् मेल-व्हॉट्सअ‍ॅपवरही तोच फोटो. आमचा क्लासच्या पत्त्यावरचा लिफाफा शेरा मारून परत आला, गावच्या पत्त्यावरचा मात्र त्याच्या वडिलांनी सही करून घेतला. परत आलेला लिफाफा फोडू नका, तसाच बंद ठेवा, तो आयोगात दाखवायचा असतो.

नोटिशीच्या मुदतीतच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. मोठा ब्रँड किंवा चालू कंपनी असेल तर तिथूनच बऱ्याचदा मिटतं. पळून गेलेल्या एकट्या माणसावर त्याचा फारसा जोर चालत नाही, तरी तक्रार क्रमांक मिळतो, तो फाईलला लावा.

पोलिसांकडे जाताना

ठाणेदार बहुतेक वेळा म्हणतात हे दिवाणी आहे, कोर्टात जा. त्यांचं पूर्ण चूक नसतं. धंदा बुडाला अन् फी परत देता आली नाही, एवढ्याने फसवणूक होत नाही. फसवणुकीत पैसे घेतानाच मनात खोट होती हे दाखवावं लागतं. म्हणून वर म्हटलं की गाळ्याच्या मालकाला विचारा. चार महिन्यांचं भाडं थकलंय, मास्तर पगाराविना सोडून गेलेत अन् तरी बंद करायच्या आधीच्या आठवड्यात "ऑफर संपत आहे" म्हणून नवीन ॲडमिशन घेतल्या, हे कागदावर मांडलं की चित्र बदलतं. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, त्याच्या आधीच्या घटनेला जुनं ४२०.

अर्ज दोन प्रतीत न्या अन् एकीवर ठाण्याचा आवक शिक्का घ्या. एकट्याने जाऊ नका, दहा-पंधरा पालकांनी मिळून सह्यांचा एकच अर्ज द्या, प्रत्येकाची रक्कम, तारीख, कशाने भरले असा तक्ता जोडा. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर करा म्हणायचं, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून पुढे पाठवता येतो. घेतलाच नाही तर तोच अर्ज पोस्टाने एसपी साहेबांना, तिथेही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. ऑनलाइन फ्रॉड असेल, म्हणजे क्लास कधी नव्हताच, नुसतं इन्स्टावरचं पेज होतं, तर ताबडतोब सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा.

पण पोलीस वसुली करून देतील या भरवशावर राहून आयोगाची मुदत घालवू नका. दोन्ही एकाच वेळी चालतं.

जिल्हा ग्राहक आयोग

लोक याला उगीच घाबरतात. विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांत आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. क्लास नागपूरला होता अन् तुम्ही गडचिरोलीचे, तर गडचिरोलीतच दाखल करा, नागपूरच्या चकरा नको. क्लासला भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. वकील लागत नाही. मुदत दोन वर्षांची, क्लास बंद झाल्या दिवसापासून धरून चाला.

तक्रारीत तुमचं नाव-पत्ता, विरुद्ध पक्षांची नावं-पत्ते (मालक, ज्याच्या खात्यात पैसे गेले तो, ब्रँड, फायनान्स कंपनी), मग तारखेवार काय घडलं, मग मागणी. मागणीत मूळ रक्कम, भरल्या तारखेपासून व्याज, मानसिक त्रास अन् तक्रारीचा खर्च वेगवेगळा लिहा, जे मागितलं नाही ते मिळेल अशी आशा नको. सोबत प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची यादी, अन् जितके विरुद्ध पक्ष तितक्या जादा प्रती. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही होतं, पीडीएफ स्पष्ट स्कॅन करा, मोबाईलने तिरपे काढलेले फोटो त्रुटीत परत येतात.

सगळ्यांनी मिळून एक तक्रार करता येते, त्याला आयोगाची परवानगी लागते. माझं मत विचाराल तर ज्याची त्याची वेगळी करा, मजकूर एकच ठेवा, दिवस एकच ठेवा. एकत्र तक्रारीत एकाने तडजोड केली की बाकीच्यांची गाडी अडते, आमच्या साठ-सत्तरपैकी शेवटी अकराच टिकले.

समोरचा हजरच झाला नाही तर? नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, जास्तीत जास्त ४५, एवढ्यात त्याने उत्तर द्यायचं असतं, नाही दिलं तर प्रकरण एकतर्फी चालतं. कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो, प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्ष लागतात हे मनात धरून जा. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर वसुलीचा अर्ज करायचा, आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, अन् माझ्या पाहण्यात खरे पैसे याच पायरीवर निघतात.

एक अडचण आधीच सांगतो. कोचिंग क्लास ग्राहक कायद्यात येतो हे राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. पण विद्यापीठाचा, बोर्डाचा मान्यताप्राप्त कोर्स असेल तर शिक्षण ही सेवाच नाही असा मुद्दा समोरचा वकील काढतो, व्यावसायिक कोर्सलाही काढतो. नर्सिंग, आयटीआयसारखं प्रकरण असेल तर दाखल करण्याआधी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत विचारून घ्या. महिला, एससी, एसटी, दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळतो, नंबर १५१००. आयोगात बसत नसेल तर दिवाणी दावा, त्याची मुदत तीन वर्षं.

कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर गोष्ट वेगळी, तिच्यावरचे बाकी दावे थांबतात अन् नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठरलेल्या नमुन्यात आपलं येणं नोंदवावं लागतं. जाहीर सूचना पेपरात अन् आयबीबीआयच्या (दिवाळखोरी मंडळाच्या) वेबसाइटवर येते, मुदत छोटी असते. बँका पुढे असल्याने फार हाती लागत नाही, पण नोंदवलंच नाही तर काहीच नाही.

तो तडजोडीला आला तर

बहुतेक वेळा नोटीस किंवा आयोगाचा कागद पोचला की फोन येतो. या वेळी सांभाळा. मूळ पावती हातात देऊ नका, झेरॉक्स दाखवा. अर्धे पैसे घेऊन "हिशोब पूर्ण" वर सही करू नका. पावतीवर असं लिहा: "एकूण येणे २६,६०० पैकी आज १०,००० मिळाले, बाकी १६,६०० येणे आहे." दुसऱ्या कोणाच्या क्लासमध्ये बसवतो म्हणाला अन् तुम्हाला ते पटत नसेल तर लेखी नाही म्हणा, ते घ्यायलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

चेक दिला तर तो तीन महिन्यांच्या आत बँकेत टाका. आम्हाला २६,६०० चा चेक दिला अन् तो परत आला. खरं सांगतो, त्या दिवशी बहीण लय रडली, पण माझ्या मते तिथूनच आमची बाजू पक्की झाली. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात कलम १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची, तक्रार. यातली एकही तारीख चुकवू नका, कॅलेंडरवर गोल करून ठेवा. आमची नोटीस पोचल्यावर त्याने दोन हप्त्यांत २० हजार आणून दिले, आईचं बचत गटाचं कर्ज त्यातून फिटलं. उरलेल्या ६,६०० साठी आयोगात तारखा चालू आहेत.

शेवटी कागदपत्रांचं. काही अकॅडम्या ओरिजिनल टीसी अन् मार्कशीट ठेवून घेतात अन् ते कुलपाच्या आत अडकतात. गाळ्याच्या मालकाला पोलिसांसमोर पंचनामा करून उघडायला लावा. नाहीच मिळाले तर हरवल्याची नोंद ठाण्यात करून शाळेतून दुय्यम टीसी, अन् दहावी-बारावीच्या दुय्यम मार्कशीटसाठी बोर्डाचं विभागीय मंडळ, आपल्याकडे अमरावती किंवा नागपूर. तोवर डिजिलॉकरमधली मार्कशीट काढून ठेवा, अन् जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाइल आपले सरकारवरून काढलेलं असेल तर जिथून अर्ज केला त्या सेतूवाल्याकडे जुना अर्ज क्रमांक घेऊन जा, प्रिंट परत निघते.